अपधाव जुळतोय, गाळ तिप्पट येतोय. चूक कुठे शोधू?

ओलीमाती (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

साधारण ४० चौरस किलोमीटरचं एक पाणलोट आहे. तीन चतुर्थांश शेती, मध्यम उतार, वरच्या अंगाला थोडं रान. नदीच्या तोंडाशी दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी नोंदणारं यंत्र आहे. गाळाचे नमुने आठवड्यातून एकदा घेतलेत. स्वॉट या पाणलोटाच्या संगणक-मॉडेलच्या धर्तीवर मी स्वतः एक मॉडेल लिहिलंय: पाणलोटाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा अपधाव (न मुरता जमिनीवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी) वक्रांक पद्धतीने काढायचा (कर्व्ह नंबर: जमीन आणि पीक बघून ठरवलेला अंक, जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहतं), त्यावरून मस्ल समीकरणाने गाळ काढायचा आणि सगळं नदीत सोडायचं.

दैनिक प्रवाहाचा नॅश-सटक्लिफ (मॉडेल मोजमापाशी किती जुळतं त्याचा अंक, १ म्हणजे तंतोतंत) ०.७८ येतो. गाळ मात्र मोजलेल्याच्या तिप्पट! पीक-आच्छादनाचा गुणक दाबून खाली आणला की आकडा जुळतो, पण मग कोऱ्या नांगरटीला गवताळ रानाएवढी धूप दाखवावी लागते. वरिष्ठ म्हणतात, "जुळलं ना? मग लिहून टाक." मला ते पटत नाहीये. तुम्ही काय कराल?

टीपकागद
रुमाल टाकून ठेवतो. मोठी मंडळी येऊ द्या.

वक्रांकवाला
गाळाकडे नंतर येऊ. पाणी खरंच जुळलंय का, ते आधी बघा. नॅश-सटक्लिफमध्ये (१९७० पासून सगळे वापरतात म्हणून तुम्हीही वापरलाय, हे गृहीत धरतो) चुकांचा वर्ग होतो. त्यामुळे चार मोठे पूर बरे जमले की बाकीचं वर्ष झाकलं जातं. शिवाय नदीच्या एकूण प्रवाहात जमिनीखालून झिरपून आलेलं पाणीही असतं. ते माती धुत नाही. एकूण प्रवाह जुळला, तरी त्यातला पृष्ठभागावरून आलेला वाटा चुकलेला असू शकतो, आणि धूप त्या वाट्यावरच ठरते.

वक्रांक किती हळवा आहे तेही बघा. ५० मिमी पाऊस धरा. वक्रांक ८० असेल तर अपधाव सुमारे १३.८ मिमी. ८५ केला तर १९.६. ७५ केला तर ९.३. पाच अंक इकडेतिकडे म्हणजे कोष्टकात शेजारची ओळ वाचण्याएवढी चूक, आणि पाणी दीडपटीकडे जातं.

कोरडवाहू_काका
ताई, मला समीकरण कळत नाही. एकच विचारतो. तुमच्या मॉडेलमध्ये बांध आहे का?

शेतातून सुटलेली माती सरळ नदीत जात नाही. खालच्या बांधाला अडते, गवताच्या पट्ट्यात बसते, चरात बसते, नाहीतर शेजाऱ्याच्या शेतात जाते. शेजारी गप्प बसतो, कारण चांगली माती फुकटात मिळते.

दशांशचिन्ह
काकांनी एका वाक्यात जे सांगितलं, त्याला शास्त्रात 'गाळवहन गुणोत्तर' असं भारदस्त नाव आहे: सुटलेल्या मातीतला किती हिस्सा नदीपर्यंत पोचतो.

यूएसएलई, म्हणजे धुपेचं सार्वत्रिक समीकरण, विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५ मध्ये आणि मग १९७८ मध्ये सुधारून मांडलं. ते उभं आहे छोट्या प्रयोगवाफ्यांवर: २२.१३ मीटर लांब, ९ टक्के उतार. ही विचित्र लांबी आली कुठून? ती आहे ७२.६ फूट, आणि वाफा ६ फूट रुंद. गुणाकार केला की बरोबर एकराचा शंभरावा भाग. हिशोब सोपा जावा म्हणून निवडलेलं माप आज जगभर दशांशासकट वापरलं जातंय. (माझं टोपणनाव उगाच नाही.)

ते समीकरण उतारावरून सुटणारी माती सांगतं, तीही अनेक वर्षांची सरासरी. वाटेत कुठे किती बसली, घळी किती खोल गेल्या, काठ किती ढासळले, यातलं काही सांगत नाही. ते थेट नदीच्या तोंडाशी लावलं तर आकडा जास्तच येणार.

ओलीमाती
@दशांशचिन्ह, मी यूएसएलई वापरलेलं नाही, त्याचंच बदललेलं रूप मस्ल वापरलंय. त्यात पावसाच्या ताकदीऐवजी अपधावाचं प्रमाण आणि शिखर प्रवाह असतो. विल्यम्स यांनी १९७५ मध्ये ते बदललं ते गाळवहन गुणोत्तर वेगळं लावावं लागू नये म्हणूनच ना?

दशांशचिन्ह
मान्य. घाईत वाचलं, चूक माझी.

पण मग दुसरीकडे बोट दाखवतो. शिखर प्रवाह कुठून आणलात? पाऊस रोजचा असेल, तर शिखर तुम्ही अंदाजानेच काढलं असणार. मस्लमध्ये अपधाव आणि शिखर यांच्या गुणाकाराचा ०.५६ वा घात आहे. शिखर दुप्पट धरलं गेलं तर गाळ सुमारे १.४७ पट होतो. एवढ्यातच निम्मी चोरी पकडली जाईल.

आणखी एक गंमत. अपधावाचं घनमान आणि शिखर दोन्ही क्षेत्रफळाबरोबर वाढतात, म्हणजे क्षेत्रफळाचा घात साधारण १.१२ होतो. तो एक असता तर तुकडे कसेही पाडा, बेरीज तीच आली असती. इथे दहा तुकडे एकत्र केले की गाळ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. जमीन तीच, पाऊस तोच. तुमचे तुकडे किती आहेत?

ओलीमाती
... बारा. आणि पाऊस रोजचाच. 🙈

टीपकागद
खिक्! पोलीस आले.

पाऊसपाणी
रोजचा पाऊस वापरलाय हे वाचून राहवलं नाही. ६० मिमी दिवसभर रिपरिप पडला आणि ६० मिमी पाऊण तासात कोसळला, तुमच्या वहीत दोन्ही दिवस एकसारखे. जमिनीला विचारा.

मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने आपटतो. उघड्या मातीचे कण फुटतात, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पापुद्रा धरतो. त्यानंतर जमीन कोरडी असूनही पाणी मुरत नाही, वरून सुटतं. हा एक प्रकार. दुसरा प्रकार असा की पाऊस सौम्य असतो, पण खालची जमीन आधीच भरलेली असते. सखल भागात पाणी वर येतं आणि आणखी पडलेलं सगळं वाहून जातं. पहिला प्रकार उतारावरच्या उघड्या शेतात घडतो, दुसरा ओढ्याकाठच्या गवताळ ओलाव्यात. पाणी दोन्हीकडून सारखं येईल, माती येणार नाही. वक्रांकाला या दोन्हींतला फरक कळत नाही, त्याला फक्त 'किती' कळतं.

आणि आच्छादनाचा गुणक वर्षाचा सरासरी घेतला असेल तर तोही सोडा. पेरणीनंतरचे काही आठवडे जमीन उघडी असते. जोराची सर तेव्हा आली तर एका दुपारी वर्षभराची माती जाते. तीच सर पीक दाटल्यावर आली तर ओढा जेमतेम गढूळ होतो. तीसेक टक्के जमीन जरी काडीकचऱ्याने झाकलेली असली तरी धूप निम्म्याहून खाली येते.

निचरा
+१. गुणक दाबून आकडा जुळवणं याला आमच्याकडे ओढूनताणून चंद्रबळ आणणं म्हणतात.

मुक्काम_बांधावर
अवांतर: 'अपधाव' हा शब्द कोणी शोधला? 'अपघात' आणि 'धावपळ' यांची सोयरीक वाटते. 'वाहून जाणारं पाणी' म्हटलं तर काय बिघडतं?

वक्रांकवाला
@मुक्काम_बांधावर, प्रत्येक वाक्यात तीन शब्द जास्त लागतात, एवढंच बिघडतं. पण शब्दांवरून आठवलं. वक्रांक पद्धतीत आधीचा ओलावा मागच्या पाच दिवसांच्या पावसावरून ठरवायची रीत होती: कोरडी, मध्यम, ओली अशा तीन पायऱ्या. त्यासाठी आपल्याकडे 'वाफसा' हा किती नेमका शब्द आहे! मूठभर माती दाबून बघितली की कळतं. मॉडेलला मूठ नाही.

कोरडवाहू_काका
पाच दिवस कुठल्याच जमिनीला माहीत नसतात. हलकी जमीन दोन दिवसांत वाफशावर येते, भारी जमीन आठ दिवस पाय धरून ठेवते. आणि भेगाळलेली भारी जमीन पहिला पाऊस सगळा गिळते, कितीही पडू द्या. मग फुगून भेगा मिटल्या की थेंब आत घेत नाही.

गाळमोजणी
सगळे मॉडेलच्या मानगुटीवर बसलेत. मोजलेल्या आकड्याला कोणी हात लावेना.

ओलीमाती, आठवड्यातून एकदा नमुना घेतला असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. ४० चौ.किमी.च्या पाणलोटात पूर येऊन ओसरायला काही तास लागतात. आठवड्याच्या ठरलेल्या वारी नमुना घेणारा माणूस वर्षभर नितळ पाणीच भरून आणतो. मग तुम्ही काय केलं असणार? प्रवाह आणि गाळाची घनता लॉग-लॉग कागदावर मांडून रेघ ओढली आणि तीच पुरापर्यंत ताणली. बरोबर?

त्यात दोन खड्डे आहेत. एक, लॉगमधून परत साध्या आकड्यात येताना सरासरी खाली घसरते. दुरुस्ती केली नाही तर गाळ कमीच येतो, आणि ठिपके जितके विखुरलेले तितका जास्त कमी. दोन, पाणी चढताना आणि उतरताना प्रवाह सारखा असला तरी गढूळपणा सारखा नसतो. छोट्या पाणलोटात बहुधा चढत्या पाण्यात गाळ जास्त येतो, कारण सुटी माती आणि पात्रातला जुना गाळ पहिल्या लोंढ्यातच निघतो. उतरत्या पाण्यातले नमुने घेतलेत तर रेघ खालीच राहणार.

पुरातले नमुने किती आणि ते चढत्या पाण्यातले की उतरत्या, एवढं सांगा. मग बोलू.

ओलीमाती
वही काढून बसले होते. एकूण ११२ नमुने. त्यांतले पुराचे ४. चारही पाऊस थांबल्यावरचे, कारण नमुना घेणारा माणूस पाऊस थांबल्यावर गेला. त्याचीही चूक नाही, भर पावसात तिथवर वाट नसते. लॉगची दुरुस्ती केलेली नाही. ती करायची असते हेच माहीत नव्हतं.

म्हणजे मी तीन महिने ज्याच्याशी जुळवत बसले होते, तेच...

टीपकागद
पाणी प्या ताई. नितळ.

दशांशचिन्ह
@गाळमोजणी, मुद्दा मान्य. पण म्हणून मॉडेल सुटलं असं नव्हे. एका बाजूला मोजमाप कमी, दुसऱ्या बाजूला हिशोब जास्त, दोन्ही असेल.

ओलीमाती, उताराच्या लांबीचा गुणक कसा काढलात? उंचीच्या चौकटीदार नकाशावरून, जिथलं पाणी उतरून येतं त्या वरच्या चौकटी मोजून? लांबीला मर्यादा घातली होती का? पातळ थर होऊन वाहणारं पाणी फार लांब तसंच राहत नाही. साधारण १२० मीटरच्या आत ते एकवटून ओघळ-नाल्यात शिरतं आणि तिथे हे समीकरण संपतं. मर्यादा नसेल तर संगणक ओढ्याच्या तळालाही 'लांब उतार' समजतो आणि तिथे भरमसाठ धूप दाखवतो. नकाशावर सगळ्यात लाल पट्टे ओढ्यांच्या रेषेत असतील तर रोग हाच.

ओलीमाती
आहेत. लाल भडक. मला वाटलं, काठ ढासळताहेत. 😅

जुनाटगाळ
उशिरा आलो. दोन्ही आकडे दुरुस्त करूनही ते जुळलेच पाहिजेत, असा आग्रह धरू नका.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये कून क्रीक नावाचं पाणलोट आहे. १९३३ मध्ये तिथे मृदसंधारणाचा त्या देशातला पहिला पाणलोटव्यापी प्रयोग सुरू झाला. ट्रिंबल या भूगोल-अभ्यासकांनी तिथे अनेक दशकांचा गाळाचा जमाखर्च मांडला. शेतातली धूप प्रचंड वाढली आणि मग संधारणामुळे खूप कमीही झाली, पण खोऱ्यातून बाहेर पडणारा गाळ त्या मानाने फारसा हलला नाही. जास्तीचा गाळ दरीच्या तळाशी, पूरमैदानात साठत गेला. शेतं सावरल्यावर नदी तोच जुना साठा उकरून वाहू लागली.

म्हणजे तोंडाशी मोजलेला गाळ यंदाच्या शेताचा असेल किंवा तुमच्या आजोबांच्या पिढीने सोडलेलाही असेल. नदी पावती देत नाही.

अर्धवट_सांख्यिक
शेतातली धूप वेगळी पडताळायची तर सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य बघा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे ते जगभर पावसाबरोबर पडलं, १९६३ च्या सुमारास सर्वाधिक. मातीच्या कणांना घट्ट चिकटतं. न हललेल्या जागेपेक्षा शेतात कमी सापडलं तर तेवढी माती गेली, जास्त सापडलं तर येऊन बसली. अर्धायुष्य तीसेक वर्षांचं आहे, त्यामुळे ही मोजपट्टी दर वर्षी पुसट होत चाललीय.

आणि तुमचं मॉडेल एकदाच का चालवता? गुणक वेगवेगळे धरून १०,००० वेळा चालवा. नॅश-सटक्लिफ ०.७ च्या वर देणारे शेकडो संच मिळतील, आणि त्यांतले निम्मे एकमेकांशी भांडतील. बेव्हन या जलशास्त्रज्ञांनी यावर आयुष्य घातलंय: एकाच उत्तराला नेणाऱ्या वाटा अनेक असतात, आणि तोंडाशी उभं राहून त्यांतली खरी कोणती ते ओळखता येत नाही. तिप्पट की दुप्पट असा एक आकडा न सांगता पट्टा सांगा, इतक्यापासून इतक्यापर्यंत असा.

कोरडवाहू_काका
१०,००० वेळा? तेवढ्यात माझा बांध घालून होईल.

सीझियमचं माहीत नाही, पण एक बघा. नांगर उताराच्या दिशेने फिरवला की दर खेपेला माती थोडी खाली सरकते. पाऊस पडो न पडो. आमच्या टेकाडाचा माथा याच कारणाने पांढरा पडलाय, खालचा मुरूम वर आला. ती माती पाण्याने नेली असं धरलंत तर पाण्यावर आळ येतो.

अर्धवट_सांख्यिक
काका, दंडवत. नेमकी हीच त्रुटी सीझियमच्या जुन्या हिशोबांत होती. मशागतीने सरकलेली माती पाण्याच्या खात्यात पडायची.

सरळ_बोलतो
एवढं सगळं अंदाजपंचे असेल तर मॉडेल हवंय कशाला? तेवढ्या पैशात झाडं लावा.

पाऊसपाणी
कुठे लावायची? सगळीकडे लावायला पैसे आणि जमीन असती तर प्रश्नच नव्हता. एकूण किती टन जाणार हे मॉडेलला नीट सांगता येत नसेल, पण अमक्या उतारावर गवताचा पट्टा घातला तर तमक्यापेक्षा जास्त फायदा, हे बरंच नीट सांगता येतं. चुका दोन्हीकडे सारख्याच असल्या तर तुलनेत त्या बऱ्याच कटतात.

सरळ_बोलतो
सारख्याच असतात हे कोणी तपासलं? कटल्या म्हणायचं आणि पुढे जायचं.

पाऊसपाणी
बरोबर पकडलंत. उदाहरण मीच देतो. यूएसएलईच्या १९७८ च्या कोष्टकात ३ ते ८ टक्के उतारावर समतल (उताराला आडव्या) मशागतीचा गुणक ०.५ आहे, म्हणजे धूप निम्मी. सौम्य पावसात ते खरं ठरतं. पण मोठ्या पावसात नांगराची एक सरी फुटली की तिचं पाणी खालचीला फोडतं, ती तिच्या खालचीला, आणि मग सरळ घळच पडते. गुणक मात्र त्याही दिवशी ०.५ वर ढिम्म. तेव्हा 'समतल मशागत की गवतपट्टा' ही तुलना मोठ्या पावसासाठी माझ्या मॉडेलमधून मीही मागणार नाही.

कोरडवाहू_काका
सरी फुटल्याची रात्र मी पाहिलीय. सकाळी घळीत माणूस कमरेएवढा उतरत होता.

एक_मिलिमीटर
पण काका, घळ दिसते म्हणून आपण धावतो. पातळ थर जातो तो कोणालाच दिसत नाही. एका हेक्टरावरून एक मिलिमीटर माती गेली तर ती सुमारे १३ टन होते. एक मिलिमीटर डोळ्यांना कळेल? माझा धागा वाचायचा परवाना एवढ्या एका आकड्यावर आहे, सांगून घेतलं.

मुक्काम_बांधावर
धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले. ओलीमाती, गाळ बसला की अजून गढूळच?

ओलीमाती
आहे आहे. वाहून गेले नाही.

उताराची लांबी १२० मीटरला बांधली. बाराचे साठ तुकडे केले. पंधरा मिनिटांचा पाऊस जवळच्या पर्जन्यमापकाकडून मिळाला, तो शिखरासाठी वापरला. लॉगची दुरुस्ती केली. एक पूर चढता असताना स्वतः जाऊन नमुने घेतले (दोर बांधून आणि दुसरा माणूस सोबत घेऊन, ओरडू नका). त्या एका चढत्या पाण्यात गढूळपणा माझ्या रेघेच्या कितीतरी वर निघाला. आता मॉडेल मोजलेल्याच्या साधारण दीडपट सांगतंय. आच्छादनाचे गुणक जिथे होते तिथे परत नेऊन ठेवले. पट्टाही काढला, चांगलाच रुंद आहे. वरिष्ठ म्हणाले, "आता जुळत नाहीये, तरी लिहितेस?" म्हटलं, हो.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. त्याच पावसात काकांचं ऐकून शेतांतून चालले. बांधाच्या वरच्या अंगाला घोट्याएवढा मऊ गाळ साचलेला. काका, तुमची माती तिथेच होती. माझ्या मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक तुकड्याचा गाळ थेट नदीत पडतो, मध्ये बांध नाहीच. तो दीडपटीतला अर्धा भाग तिथे असावा असं मला वाटतं. आणि त्याच बांधापासून शंभर पावलांवर शेतात जायची गाडीवाट बांध फोडून उतरते. तिच्या दोन चाकोऱ्यांतून लाल पाणी असं धावत होतं की वरच्या चार शेतांचं सगळं तिथूनच ओढ्यात जात असावं. नकाशाच्या चौकटी ३० मीटरच्या, चाकोरी हातभर रुंद. ती मॉडेलमध्ये घालायची कशी? कोणी केलंय?

गाळमोजणी
चढत्या पाण्यातला नमुना घेतलात, माझा नमस्कार घ्या.

दशांशचिन्ह
वाटेची रेष नकाशात 'खणून' घ्यायची: त्या चौकटींची उंची मुद्दाम थोडी कमी करायची, म्हणजे संगणकातलं पाणी तिकडे वळतं. ओढ्यांसाठी ही युक्ती नेहमीची आहे, वाटांसाठीही चालते. पण किती खोल खणायचं याला नियम नाही, आणि जास्त खणलंत तर शेजारच्या उताराचं पाणीही चोरून आणाल. बांधाच्या बाबतीत याच्या उलट: चौकट उचलायची. आणि फुटका बांध?

ओलीमाती
फुटका बांध उचलून मध्ये खणायचा. 😄 यासाठी प्रत्येक बांध चालत बघावा लागेल.

कोरडवाहू_काका
किती बांध आहेत? पुढच्या पावसाआधी होतील. काठी घेऊन जा, आणि फुटक्या जागी वाट आहे का ते आधी बघ. बहुतेक ठिकाणी असणार.

टीपकागद
मॉडेल चाकोरीबाहेर गेलं म्हणून फसलं, असा हा पहिलाच धागा असावा.